गडपायथ्याच्या बंद रस्त्याची सूचना आधीच्या गावात हवी
पावसाळ्यात दरड कोसळून गडपायथ्याचे रस्ते बंद होतात आणि तेथे उभ्या केलेल्या गाड्या फोडल्या जातात, हे पावसाळी गडभटकंतीवरील तुमच्या लेखातील निरीक्षण नाशिककरांना पटेल. हरिहर गडासाठी निरगुडपाडा आणि हर्षेवाडी या गावांतून अशा दोन वाटा तरी आहेत. परंतु साल्हेरसारख्या, जिल्ह्याच्या पार टोकाला असलेल्या १५६७ मीटर उंचीच्या गडाकडे पहाटे निघालेल्यांना रस्ता अडलेला आढळला, तर अंधारात अरुंद रस्त्यावर गाडी वळवावी लागते आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लावायला अनेकदा मोबाईलला रेंजही मिळत नाही. म्हणूनच बंदीचा फलक केवळ अडथळ्यापाशी न लावता अलीकडच्या मोठ्या गावातही लावावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गाडी मात्र निर्जन वळणावर न सोडता गावातच, एखाद्या घरापुढे विचारून लावावी आणि त्याचे पैसे मागितल्यास आनंदाने द्यावेत.