ब्रूस बोची ‘फ्लॉप’ कधी होता?

अमेरिकेतल्या बेसबॉल मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) ब्रूस बोचीची कहाणी प्रेरणादायी म्हणून हमखास सांगितली जाते. ती साधारण अशी: बोची खेळाडू म्हणून फ्लॉप, नऊ वर्षं बाकावर बसून नुसतं बघत राहिला, मग एक दिवस थेट मॅनेजर झाला आणि चार वेळा वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकला. ऐकायला झकास, पण जवळपास प्रत्येक वाक्यात खोट आहे.

आधी ‘फ्लॉप’चं बघू. १९७८ ते १९८७ या काळात ॲस्ट्रोज, मेट्स आणि पाद्रेज या संघांकडून कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) असलेला बोची ३५८ सामने खेळला. फलंदाजीची सरासरी .२३९ (हजार प्रयत्नांत २३९ हिट), होमरन (षटकारासारखे फटके) २६. आकडे बेताचेच आहेत, मान्य. पण पाद्रेजमध्ये त्याच्यापुढे आधी टेरी केनेडी होता, ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यात खेळलेला) कॅचर. केनेडी गेला तर १९८७ मध्ये बेनितो सांतियागो आला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा (मुख्य स्पर्धेतल्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. अशा दोघांच्या मागे राखीव राहणाऱ्याला फ्लॉप म्हणायचं, तर धोनीच्या काळातले आपले निम्मे यष्टिरक्षक फ्लॉपच.

‘नुसतं बघत राहिला’ हे तर कॅचरचं काम माहीत नसल्याचं लक्षण. बाकी सगळे क्षेत्ररक्षक होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या दिशेला तोंड करून उभे असतात; अख्खं मैदान समोर दिसतं ते एकट्या कॅचरला. कोणता चेंडू टाकायचा याची खूण पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) तोच करतो. राखीव कॅचरला कधीमधी उतरून हेच करावं लागतं, तेही लय नसताना. ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत पीट रोझने ४१९२वा हिट मारून टाय कॉबचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक हिट्सचा विक्रम मोडला, तेव्हा प्लेटमागे बोचीच बसला होता.

सर्वांत मोठी थाप ‘एक दिवस थेट मॅनेजर’ ही. १९८९ मध्ये तो स्पोकेन या मायनर लीगमधल्या (मोठ्या संघांसाठी खेळाडू तयार करणाऱ्या दुय्यम लीग) खालच्या पायरीवरच्या संघाचा मॅनेजर झाला आणि तिथे विजेतेपद मिळवलं. पुढे रिव्हरसाइड, हाय डेझर्ट, विचिटा. यातल्या शेवटच्या दोन ठिकाणीही विजेतेपदं. मग १९९३ आणि ९४ ही दोन वर्षं पाद्रेजचा सहायक प्रशिक्षक. मोठ्या संघाची सूत्रं हातात आली ती १९९५ मध्ये. बसचे लांबलचक प्रवास, विशीतली अर्धकच्ची पोरं, हाती नसलेली निवड, ही सगळी वर्षं कहाणीतून गाळली की मग चमत्कारच उरतो.

चार विजेतेपदं मात्र खरी: जायंट्ससह २०१०, २०१२, २०१४ आणि रेंजर्ससह २०२३. पहिल्या वेळी जुलैमध्ये मुख्य कॅचर बेंजी मोलिना रेंजर्सकडे गेला आणि जागा नवख्या बस्टर पोझीला मिळाली. अदलाबदल क्लबच्या व्यवस्थापनाने केली. पण पोरावर पूर्ण भार टाकून ऑक्टोबरपर्यंत तसाच ठेवणं हे बोचीचं. अंतिम लढतीत समोर नेमके रेंजर्सच होते, मोलिनासकट.

आणि ज्यांना त्याला जादूगारच ठरवायचंय त्यांनी हेही मोजावं: २०२५ अखेर नियमित मोसमातले त्याचे विजय २२५२, पराभव २२६६.