चमचाभर दर्या

सुकं वाकामे, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं एक समुद्री शेवाळ, पाकिटात चहापत्तीसारखं दिसतं, तिथेच माझा घात होतो. साबुदाण्याच्या फुगण्याचा अंदाज हाताला असतो. हा चुरा मात्र भिजून वजनाला जवळपास दहापट होतो. चौघांच्या मिसो सूपला (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) ५ ग्रॅम पुष्कळ. पण 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणत मी वर आणखी एक मूठ टाकतो आणि पाच मिनिटांत वाडग्याबाहेर हिरवं लुगडं लोंबायला लागतं. वेळही पाचच मिनिटांची. जास्त भिजलं की बुळबुळीत. पिळून घ्यायचं आणि सूप उतरवता उतरवता टाकायचं.

कोरियातलं मियोक याचंच भावंड, पण लांबलचक. वीसेक मिनिटं भिजवून कात्रीने कापलं नाही, तर पट्टीचं एक टोक तोंडात आणि दुसरं अजून वाडग्यात! तिळाच्या तेलात परतून केलेलं त्याचं सूप तिथे बाळंतिणीला देतात, आपल्या अळिवासारखं. वाढदिवसालाही करतात. परीक्षेच्या दिवशी मात्र नाही, कारण ते निसरडं. पेपरात घसरायला नको.

कोम्बू हे जाड पट्ट्यांचं शेवाळ, सूपसाठी अर्क काढायचं. त्याची तऱ्हा वेगळी. १ लिटर पाण्याला १० ग्रॅम. वरची पांढरी भुकटी बुरशी समजून धुवायला हात शिवशिवतात, पण ते मॅनिटॉल, साखरेसारखा गोडसर पदार्थ, चवीचाच भाग. ओलसर फडक्याने नुसतं पुसायचं, अर्धा तास भिजवायचं, मग मंद आच. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की पट्टी बाहेर. उकळी फुटल्याशिवाय काही शिजलं असं न मानणाऱ्या आपल्या हातांना ही शिक्षाच. पण उकळलं की पाणी चिकट होतं, कडवटपणा उतरतो. याच काढ्यातून १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी त्याला चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं.

नोरी हे कागदासारखं पातळ वाळवलेलं शेवाळ. जन्मभर पाण्यात वाढते आणि कागद झाली की तिला पाण्याचं वावडं. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की सादळलेला पापड. तो मंद आचेवरून दोनतीनदा फिरवला की पुन्हा कुरकुरीत. तिच्यात भाताची गुंडाळी करताना चकचकीत बाजू खाली, भात कोमट, पलीकडच्या कडेला दोन सेंटिमीटर कोरी जागा. गरम भाताच्या वाफेने कागद आक्रसून फाटतो. आणि लगेच खायचं. उशीर झाला की घास तुटत नाही, अख्खी गुंडाळी दाताबरोबर उलगडत येते.

म्हणूनच जपानी दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे नोरीत गुंडाळलेल्या भाताच्या गोळ्यात, भात आणि नोरीमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. वेष्टनावर १, २, ३ छापलेलं असतं, त्याच क्रमाने ओढायचं. घाईत ३ आधी ओढला, की नोरीचा कोपरा प्लास्टिकमध्येच राहतो. तो मी बोटाने खरवडून वेगळा खातो.