भरावातली खापरं आणि ‘अंदाजपंचे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्वाटेमालातल्या वाशाक्तून या प्राचीन माया नगरावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “भरावातली खापरं कुठूनही आलेली असतात. त्यांवरून इमारतीचं वय सांगणं म्हणजे अंदाजपंचे. कोरीव तिथ्या असताना खापरं कशाला? आरामखुर्चीत बसून काहीही लिहावं!” शंका जरूर घ्या, पण आरामखुर्ची मधे कशाला? खापरं धुण्यात, त्यांवर क्रमांक टाकण्यात, काठ जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. प्रश्न विचारा, लायकी काढू नका.

फोटोत मापपट्टी हवी होती, हा आपला दुसरा आक्षेप मान्य.

भरावात जुनी खापरं येतात, हे लेखातच होतं. आपण तिथवर पोचलेले दिसत नाही. नवा चौथरा उचलताना माया गवंडी दगडमातीबरोबर जुन्या उकिरड्यांची मातीही भरत. त्यामुळे भरावातली बरीचशी खापरं इमारतीहून जुनीच निघतात, आणि म्हणूनच बहुसंख्येवरून वय ठरवत नाहीत. बघायचा तो सगळ्यांत उशिराचा तुकडा. भरावावर घातलेल्या चुन्याच्या जमिनीखाली हाताला मेणचट लागणारी, लाल लेपाची, चिकानेल या आधीच्या काळातली खापरं ढीगभर असोत. त्यांत तकतकीत लेपाच्या, बुडाजवळ बाहेर आलेली कड असलेल्या, त्झाकोल या त्यानंतरच्या काळातल्या वाडग्यांचे तुकडे असले, तर ती जमीन त्झाकोल काळाच्या आधीची असू शकत नाही. ‘याच्या आधी नाही’, एवढंच यातून कळतं. ‘याच्या नंतर नाही’ हे ठरवायला वरच्या जमिनी आणि त्या फोडून केलेली दफनं लागतात.

अट एकच: जमीन अखंड हवी. फसगत होते ती इथेच. नंतरच्या दफनासाठी जमीन फोडून पुन्हा लिंपलेली असते, झाडाची मुळं बारीक तुकडे खाली ओढतात, चोरांचे चर तर सगळंच ढवळतात. म्हणून आधी गिलाव्यात ठिगळ शोधायचं: रंग वेगळा, कडेला सांधा, खालची माती भुसभुशीत. अशा जागेजवळचा एकटादुकटा तुकडा पुराव्यात धरायचा नाही.

आणि तिथ्या? वाशाक्तूनची सर्वांत जुनी कोरीव तिथी शिळा ९ वरची, इ. स. ३२८ची. पडक्या ई-७ पिरॅमिडच्या पोटातून आत गाडला गेलेला जुना पिरॅमिड, ई-७-सब, निघाला: चारी बाजूंना जिने, दुतर्फा गिलाव्याचे भलेमोठे मुखवटे. तो त्या शिळेच्याही आधीचा, आणि त्यावर एकही तिथी नाही. तिथे खापरं टाकून द्यायची आणि वय कशावरून सांगायचं? अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या १९२६ ते १९३७च्या उत्खननातल्या खापरांवरून पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी ममोम, चिकानेल, त्झाकोल, तेपेऊ हा जुन्याकडून नव्याकडे जाणारा काळांचा क्रम लावला. १९५५ साली प्रसिद्ध झालेला तो क्रम आजही आसपासच्या स्थळांच्या तुलनेसाठी वापरतात. याला अंदाजपंचे म्हणण्याआधी निदान तो चाळा तरी.

मायांकडे कुंभाराचं चाक नव्हतं, लेख लांबला, वगैरे आपल्या बाकीच्या शेऱ्यांचा या मुद्द्याशी संबंध नाही. आक्षेप घ्यायचाच तर नेमका घ्या: कोणती जमीन, कोणता तुकडा, जमीन फोडल्याची खूण कुठे दिसते. त्याचं उत्तर मी नक्की देईन.