लेवीयातला देव रक्ताचा भुकेला नाही

ख्रिस्ती लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश वरचेवर येतो. त्याचा आशय असा: जुन्या करारातल्या रागीट देवाला शांत करायला इस्राएली लोक जनावरं कापत, याजक म्हणजे पुरोहित त्यावर पोसलेले दलाल होते, येशूने हे सगळं मोडीत काढलं, म्हणून लेवीय, म्हणजे बायबलमधलं अर्पणांचे नियम सांगणारं पुस्तक, वाचायची आता गरज नाही. लोक खाली ‘आमेन’ लिहून तो पुढे पाठवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातलं एकही विधान बायबलसमोर टिकत नाही.

देव रक्ताचा भुकेला आहे का, याचं उत्तर बायबलच्या पन्नासाव्या स्तोत्रातच आहे. मी बैलांचं मांस खातो का, बोकडांचं रक्त पितो का, असं देव स्वतःच विचारतो. रानातला प्रत्येक पशू त्याचाच आहे.

राग शमवण्यासाठी लाच, हा आरोप जास्त गंभीर आहे. लेवीयाच्या पहिल्या सात अध्यायांत पाच अर्पणं आहेत. होमार्पण पूर्ण जळे, पण शांत्यर्पणाचं मांस अर्पण करणारा आपल्या माणसांबरोबर बसून खाई. अन्नार्पणात रक्त नसेच. आणि ज्याला दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लंही परवडत नसत, त्याने पापार्पण म्हणून एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ आणायचं (लेवीय 5:11). त्यालाही क्षमा होईल, असं पुढच्या दोन वचनांत सांगितलं आहे. रक्ताला चटावलेला देव गरिबाच्या पिठावर समाधान मानेल का? येशूची आई मरीया हिने बाळंतपणानंतर आणलेलं अर्पणही ऐपत नसणाऱ्यांसाठी ठरवलेलंच होतं, पक्ष्यांच्या जोडीचं (लूक 2:24).

दोषार्पण तर प्रत्येक मंडळीत शिकवायला हवं. कुणाची ठेव नाकारली, सापडलेली वस्तू दडवली, शेजाऱ्याला लुबाडलं, तर आधी ते पूर्ण परत करायचं, वर एक पंचमांश द्यायचा आणि मग मेंढा आणायचा. ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई आधी करायला लावणारी ही कसली लाच? ‘वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर,’ हे येशूचं सांगणं (मत्तय 5) याच मुशीतलं आहे.

याजकांबद्दल म्हणाल, तर त्यांतले काही लोभी होते. एली या याजकाच्या मुलांची निंदा बायबलच करतं. पण पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या वंशाला देशात जमिनीचं वतन नव्हतं (गणना 18:20). प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजकाला आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पावा लागे. इस्राएलाच्या बारा वंशांची नावं तो छातीवर वागवून पवित्रस्थानात जाई. स्वतः दुर्बळ असल्यामुळे तो चुकणाऱ्यांशी सौम्यतेने वागू शकतो, असं नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे. येशूची ओळख करून देताना हा लेखक याच पदाचा आधार घेतो. दलालीला शिव्या देऊन तो सुरुवात करत नाही.

मग येशूने काय मोडलं? बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला त्याने याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेलं अर्पण करायला सांगितलं (मार्क 1:44). प्रेषित पौलही येशूच्या पुनरुत्थानानंतर कित्येक वर्षांनी मंदिरात शुद्धीकरणासाठी गेला (प्रेषितांची कृत्ये 21). बैलांच्या रक्ताने पापं दूर होणं अशक्य, असं इब्री लोकांस पत्र म्हणतं हे खरं. पण लेवीयात ‘त्याला क्षमा होईल’ हे वचनही पुन्हा पुन्हा येतं. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने दोन्ही धरून ठेवावीत: देवाने इस्राएलाला दिलेली क्षमा खोटी नव्हती आणि तिचा पाया ख्रिस्ताच्या अर्पणात आहे. लेवीय फेकून दिलं तर बाप्तिस्मा करणारा योहान येशूला ‘देवाचं कोकरू’ का म्हणतो, हेच कळेनासं होतं. शिवाय असे संदेश यहुदी लोकांविषयी तिरस्कार पेरतात, ते वेगळंच.

याजकपदही संपलेलं नाही. ‘याजकांचं राज्य’ हे वचन सीनाय डोंगराजवळ इस्राएलाला मिळालं (निर्गम 19:6) आणि येशूचा शिष्य पेत्र याने तेच विश्वासणाऱ्यांना लावलं. त्यांची अर्पणं कोणती, हे इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे: देवाची स्तुती, चांगलं करणं आणि आपल्याजवळचं इतरांना देणं.