‘सगळ्यात खोल डोह गाठा’: नदीतल्या मस्कीबद्दलचा सल्ला कुठे फसतो

अमेरिकेतल्या नद्यांत मस्की हा मोठा शिकारी मासा कुठे शोधायचा, यावर एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘मोठा मासा खोल पाण्यात, तेव्हा सगळ्यात खोल डोह गाठा. पाणवनस्पती नसेल तिथे वेळ घालवू नका. पाणी चढलेलं, गढूळ असेल तर घरी बसा. आणि मासा एकदा दिसला की ती जागा कायमची तुमची.’ यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, तेही थंडीपुरतं.

मस्की लांब पाठलाग करून शिकार करत नाही. आपल्याकडच्या मरळीसारखा दबा धरून बसतो. त्याला हवं असतं अंगावर जोर न येता थांबता येईल असं संथ पाणी, आणि लगतच भक्ष्य वाहून आणणारी धार. संथ पाणी आणि धार यांच्यामधली ही कड ओळखायला यंत्र लागत नाही. फेस आणि पाला ज्या रेषेत सरकतो ती पाहा. व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हरच्या पात्रात खडकांच्या आडव्या पट्ट्या आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला, पडलेल्या झाडाच्या आडोशाला, बेटाच्या शेपटाशी, ओढ्याच्या मुखाशी तीन-चार फूट पाण्यातही चाळीस इंची मासा असू शकतो. डोहच धरायचा तर मधोमध लुअर (गळाचं कृत्रिम आमिष) टाकत बसू नका. खळाळ संपतो ते डोहाचं तोंड आणि तळ वर येऊ लागतो ती शेपूट आधी तपासा.

मासा धारेकडे तोंड करून असतो, म्हणून लुअर वरच्या अंगाला टाकून धारेबरोबर, धारेपेक्षा जरा जलद आणा. खालून वर ओढलात तर तो शेपटीकडून येतो आणि मासा बिचकतो. भोवऱ्यात मात्र पाणी उलटं फिरतं, तिथे माशाचं तोंडही उलट असतं. हे विसरल्यामुळे चांगल्या जागा वाया जातात. लुअर होडीशी आला की उचलू नका, पाण्यातच इंग्रजी आठचा आकडा काढा. मागे आलेला मासा बऱ्याचदा तिथेच घेतो.

थंडीत पाणी 5-6 अंश सेल्सिअसवर उतरलं की मासे खोल, संथ डोहात जमतात. तेव्हा तो सल्ला लागू.

पाणवनस्पतीची अट तलावांतून आली आहे. खडकाळ नदीत ते काम खडक आणि लाकूड करतात.

चढलेल्या पाण्याचं उलटंच आहे. मधली धार असह्य झाली की मासे काठाला सरकतात, म्हणजे जागा कमी होतात आणि शोध सोपा होतो. वळणाची आतली बाजू आणि काठालगतच्या खोबणी धरा, मोठ्या पात्याचा, थरथर जाणवेल असा लुअर हळू ओढा. ओंडके वाहत असतील तर मात्र होडी घालू नका. न्यू रिव्हरवरच्या क्लेटर धरणाखाली वीजनिर्मिती सुरू झाली की पातळी झपाट्याने चढते. निघण्याआधी विसर्गाचे आकडे पाहा.

‘कायमची जागा’ पुराबरोबर जाते: झाड वाहून गेलं की आडोसा संपला. पण नुसता मागे येऊन परतलेला मासा त्याच दिवशी, उजेड उतरल्यावर पुन्हा आजमावण्यासारखा असतो. उन्हाळ्यात पाणी 27 अंशांच्या आसपास गेलं तर हा प्रयत्नही नको. दमलेला मस्की सोडल्यावर मरण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी हलका गळ घेऊन स्मॉलमाउथ बास या लहान माशाच्या मागे लागा.