डीबीएस मेंदूला हरवलेली लय परत देत नाही

कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) रुग्ण आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे, यांच्यात सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरत आहे. त्याचा आशय असा: कंपवातात मेंदूची लय हरवते, मेंदूत खोलवर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून विजेचे स्पंद देणारे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे, म्हणजे डीबीएसचे, यंत्र हृदयाच्या पेसमेकरसारखे काम करून ती लय परत देते, बिघडलेला भाग बंद पडल्यामुळे आजार थांबतो, आणि नवी यंत्रे मेंदूच्या लहरी स्वतःच वाचत असल्याने शस्त्रक्रियेनंतर गोळ्यांची गरज उरत नाही. हा संदेश चांगल्या हेतूने लिहिलेला आहे, आणि योग्य रुग्णाला डीबीएसने मोठा आराम मिळतो हेही खरे आहे. तरीही त्यातील एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही, आणि शेवटचे तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

पहिल्याच विधानात वस्तुस्थिती उलटी मांडली आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूच्या खोल भागातील छोट्याशा केंद्रात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून तेथील विद्युत हालचाल नोंदवता येते. अशा नोंदींत रुग्णाने औषध घेतलेले नसताना सेकंदाला सुमारे 13 ते 30 आवर्तनांच्या, म्हणजे बीटा पट्ट्यातील, लहरी ठळकपणे दिसतात. बीटा लहरी स्वतः रोगट नव्हेत. निरोगी माणसाच्या मेंदूतही त्या असतात. हात स्थिर धरलेला असताना त्या वाढतात आणि हालचाल सुरू होण्याच्या किंचित आधी ओसरतात. त्या थोड्या थोड्या वेळाच्या झोतांनी येतात. कंपवातात डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे मेंदूतील रसायन कमी पडल्यामुळे हे झोत अधिक लांबतात आणि अधिक जोरकस होतात, मोठ्या संख्येने चेतापेशी एकाच तालात अडकून राहतात, आणि रुग्णाला पाऊल उचलायचे असूनही ते उचलले जात नाही. डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी लागू पडली की हाच बीटा जोर कमी होतो, आणि तो जितका उतरतो तितकी मंदगती आणि ताठरता सहसा हलकी होते. म्हणजे अडचण लय हरवल्याची नसून एकाच लयीची पकड सुटत नसल्याची आहे.

हे लक्षात घेतले की पेसमेकरची तुलना टिकत नाही. हृदयाचा पेसमेकर जो ठोका देतो तो हृदयाने पाळावा, अशीच अपेक्षा असते. डीबीएसमध्ये साधारणपणे सेकंदाला 130 स्पंद दिले जातात आणि प्रत्येक स्पंद बहुधा 60 मायक्रोसेकंदांचा असतो. सेकंदाला 20 आवर्तने असलेल्या बीटा लहरीचे एक आवर्तन 50 मिलिसेकंदांत पूर्ण होते. तेवढ्या अवधीत यंत्राचे सहा-सात स्पंद येऊन जातात. लय पुरवल्यानेच गुण येत असता, तर मेंदूत आधीच असलेल्या 20 च्या गतीने उत्तेजन दिल्यावर रुग्णाला बरे वाटायला हवे होते. प्रयोगांत दिसले ते याउलट: त्या गतीने हालचाली सुधारत नाहीत, उलट किंचित मंदावतात. उच्च वारंवारतेचे उत्तेजन मात्र बीटाचा जोर मोडते. त्याचा परिणाम सबथॅलॅमिक न्यूक्लियसपुरता राहत नाही. स्पंद चेतातंतूंवरून मागे थेट मेंदूच्या बाह्यावरणापर्यंत पोहोचतात, आणि हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात बीटा लहरींशी जखडली गेलेली जलद विद्युत हालचाल त्यामुळे मोकळी होते.

एका बाबतीत मात्र संदेशात थोडे तथ्य आहे हे मान्य करणे भाग आहे. काही रुग्णांत 130 च्या उत्तेजनासोबत नेमक्या अर्ध्या गतीची, म्हणजे 65 आवर्तनांची, बीटाहून जलद अशी गॅमा लहर दिसते. तेथे यंत्र खरोखरच एका लयीला आपल्यामागे ओढते. पण ती लहर बीटाहून वेगळी आहे आणि तिचा संबंध अनेकदा अनैच्छिक वळवळीशी आढळतो. तिला हरवलेली लय सापडली असे म्हणता येणार नाही.

‘बिघडलेला भाग बंद पडतो’ या समजुतीला इतिहास आहे. 1987 मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे मेंदूचे शल्यचिकित्सक आलिम-लुई बेनाबिद यांना थॅलॅमस या मेंदूच्या खोल भागावरील शस्त्रक्रियेदरम्यान दिसले की सेकंदाला सुमारे 100 स्पंद दिल्यावर कंप थांबतो. तो भाग जाळून नष्ट केल्यावरही कंप थांबत असे, त्यामुळे उत्तेजन म्हणजे तो भाग बंद करणे, असा अर्थ लावणे त्या काळी स्वाभाविक होते. पुढे माकडांवरील नोंदींत मात्र सबथॅलॅमिक न्यूक्लियसला उपचाराच्या वारंवारतेचे उत्तेजन दिल्यावर त्याच्या पुढच्या केंद्रातील पेशींची सक्रियता वाढलेली आढळली. उत्तेजित केंद्रातून बाहेर जाणारे तंतू गप्प बसत नाहीत. ते यंत्राच्या तालावर संदेश पाठवत राहतात, आणि त्यामुळे रोगट तालाला वाव उरत नाही. आजार थांबण्याचा तर प्रश्नच नाही. यंत्र बंद केले की कंप बहुधा काही मिनिटांत परततो, मंदगती आणि चालण्यातील त्रास त्यापेक्षा सावकाश परततात, आणि डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास या सर्व काळात चालूच असतो.

आता स्वतः लहरी वाचणाऱ्या यंत्रांविषयी. अशा अनुकूली, म्हणजे लहरींनुसार उत्तेजन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या, डीबीएसला अमेरिकेत फेब्रुवारी 2025 मध्ये मान्यता मिळाली, आणि ही प्रगती मला मनापासून महत्त्वाची वाटते. उत्तेजन काही व्होल्टचे आणि त्याच वेळी वाचायची लहर मायक्रोव्होल्टमधली, इतक्या तफावतीतून संकेत वेगळा काढणे हे अवघड तांत्रिक काम आहे. परंतु यंत्र वाचते ती बीटा लहर, आजार नव्हे. कंप हा सेकंदाला 4 ते 6 आवर्तनांचा असतो आणि त्याचा बीटाच्या जोराशी भरवशाचा संबंध नाही. त्यामुळे आलेख समाधानकारक असूनही हात थरथरत असू शकतो. बीटा झोपेत बदलतो, हालचालीने बदलतो, औषधाच्या वेळेनुसारही बदलतो. उत्तेजन कोणत्या पातळीला वाढवायचे आणि कोणत्या पातळीला उतरवायचे, या मर्यादा डॉक्टरांनीच रुग्णाकडे पाहून ठरवायच्या असतात.

गोळ्यांबाबत कोणीही स्वतः प्रयोग करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधील डीबीएसनंतर अनेकांचा डोस बराच कमी करता येतो, पण बहुतेकांना औषध काही प्रमाणात चालू ठेवावे लागते. डोस फार झपाट्याने उतरवला तर काही रुग्णांना कशातच रस वाटेनासा होतो, आणि घरच्यांना ते शस्त्रक्रियेनंतरचे नैराश्य वाटते. लेव्होडोपा अचानक पूर्ण बंद केल्यास तीव्र ताठरता, खूप ताप आणि शुद्ध हरपणे अशी प्राणघातक अवस्था येऊ शकते. अशी लक्षणे दिसल्यास यंत्राच्या पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे, आणि शेवटची गोळी कधी घेतली होती हे तेथे आधी सांगावे.