शेजाऱ्यांना विचारायचे, पण केव्हा?

नव्या गृहसंकुलाचा आणि त्यातील सामाईक बागेचा आराखडा ठरवताना शेजारच्या रहिवाशांचे मत घ्यावे, ही सूचना योग्यच आहे. मात्र मुंबईत तिला कायद्याचा आधार तुटपुंजा आहे. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात मोठा बदल करण्यासाठी दोन-तृतीयांश सदनिका खरेदीदारांची लेखी संमती लागते, परंतु कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला तेथे स्थान नाही, आणि २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनेही बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. या शेजाऱ्याला हरकत घेण्याची संधी मिळते ती प्रामुख्याने १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाडांवर लागलेल्या नोटिशीमुळे, तीही आराखडा जवळपास पक्का झाल्यावर. बागेसाठीची बंधनकारक मोकळी जागा पोडियमवर (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरील स्लॅबवर) नव्हे, जमिनीवरच हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, तो रास्तच होता (स्लॅबवरच्या मातीत वड वाढत नाही). हरकतीची संधी अशी उशिरा मिळते, म्हणून मंजुरीपूर्वीच, सध्याची झाडे, बागेची जागा आणि वाहनतळाचे प्रवेशद्वार दाखवणारा नकाशा प्रकल्पाच्या जागेबाहेर मराठीत लावणे विकासकावर बंधनकारक करावे, आणि आलेल्या हरकतींना महापालिकेने लेखी उत्तर द्यावे.